विहिरीवरची फुली

बोलण्याआधी ते डोक्यावरच्या पांढऱ्या हेल्मेटवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करीत. परक्या घराच्या दारावर करावी तशी, हलकी, अदबशीर. आपल्याच डोक्यात शिरायची परवानगी मागावी आणि आतून कुणीतरी 'या' म्हणावे, तसा त्यांचा चेहरा मग उजळे, आणि ते समोरच्याला विचारीत, "सरी. पण विचारलं कुणाला?"

'सरी' म्हणजे ठीक, मान्य. बेंगळूरमध्ये महिनाभर राहिलेल्या कुणाच्याही जिभेवर हा शब्द आपोआप येऊन बसतो. रिक्षा ठरवताना सरी, भाजी घेताना सरी, फोन ठेवताना सरी. त्यांच्या सरीमागून मात्र 'पण' यायचाच. आमच्या तरुण अभियंत्यांनी त्यावर पैज लावायचे ठरवले होते. ती कधी लागलीच नाही, कारण उलट बाजू घ्यायला कुणी तयार होत नसे.

प्रश्न विचारणारे अधिकारी तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. उत्तर येईपर्यंत थांबणारे किती पाहिलेत, आठवून पाहा. हे थांबत. उत्तर देणारा फाटकावरचा राखणदार असो की शेळ्या चारणारी बाई, ते हेल्मेट काढून काखेत धरीत आणि मान किंचित तिरकी करून ऐकत. उन्हात चमकणाऱ्या टकलावर घामाचे थेंब दाटत, तरी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढे ते समोरच्याचे बोलणे संपल्यावरच.

आमची भेट झाली ती विषाच्या एका ढिगाऱ्यावर. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांमागे, होसूर रोडचा गोंगाट जिथे मधमाश्यांच्या गुणगुणीएवढा होतो, तिथे लोखंडावर चकचकीत मुलामा चढवणारा एक कारखाना होता. सायकलींची हँडले, नळाच्या तोट्या, कपाटांच्या मुठी. मालक कधीच निघून गेला, यंत्रे लिलावात गेली, आणि मुलाम्याचे उरलेले पाणी जमिनीत मागे राहिले. त्यात क्रोमियम होते. कुणीच वाली नसलेली ती जागा अखेर सरकारने साफ करायला घेतली. ते सरकारकडून आलेले क्षेत्राधिकारी, निवृत्तीला वर्षभर राहिलेले. आणि मी त्या कामाचे अहवाल व सूचनाफलक लिहिणारी. शिक्षण कवितेचे, घर सर्जापूर रोडवरच्या अकराव्या मजल्यावर, आणि नोकरी ही.

पहिल्याच दिवशी मी एक मोठा अपराध केला. ओलसर, हिरवट झाक असलेली माती दिसली आणि जन्मभराच्या सवयीने मी मास्क खाली ओढून वाकले. नाक मातीला टेकणार, तोच मागून खांद्यावरची ओढणी खेचली गेली.

"अक्का! आधी मागं व्हा!"

"वास घेत होते फक्त," मी ओशाळून म्हणाले.

टकटक. "सरी. पण मातीला विचारलं? ती काय खाऊन बसलीय?" मग माझा मास्क नीट वर होईपर्यंत ते राखणीला उभे राहिले. "नाक कवितेला ठेवा. इथं मीटर आहे."

मी कविता करते हे त्यांना कसे कळले, हे कोडे चार दिवस सुटले नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच सांगितले. धोक्याच्या फलकावर मी लिहिलेल्या 'या भूमीची जखम भरेपर्यंत कृपया दूर राहा' या ओळीला इतर कुठलाही खुलासा असूच शकत नव्हता. फलकावर शेवटी 'आत येऊ नये' एवढेच राहिले.

त्यांची मराठी ऐकताना मला जुन्या पितळी भांड्याचा नाद ऐकू येई. घराणे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी इकडे आलेले. घरात मराठी, अंगणात कन्नड, आणि उंबरठ्यावर दोन्ही. माझ्या पुणेरी वेगाची त्यांना गंमत वाटे. "आमची मराठी इथं घोड्यावरनं आली, अक्का. तुमची विमानानं. म्हणून तुमची स्वल्प घाईत असते."

विमानांशी त्यांचे नातेही वेगळे होते. त्यांचे घर येलहंक्याला, हवाई दलाच्या तळाजवळ. डोक्यावरून विमान गेले की तिथे कुणाचे बोलणे कुणाला ऐकू येत नाही. म्हणून त्या घरातली माणसे एक बोट वर करतात, थांबतात, आणि आवाज ओसरला की तुटल्या शब्दापासून पुढे बोलतात. ही सवय ते कामावरही घेऊन आले होते. डंपर गेला, बोट वर. कुकरची शिट्टी झाली, बोट वर. "या खड्ड्याची खो—" एवढे म्हणून ते थांबत, अर्ध्या मिनिटाने "—ली मोजून घ्या" असे येई, आणि मधल्या काळात आम्ही सारे श्वास रोखून उभे.

कारखान्याच्या भिंतीपासून दोन शेते सोडून एका अज्जीची विहीर होती. अज्जी म्हणजे आजी. साऱ्या गावाची तीच अज्जी. विहिरीभोवती तिचा अबोलीचा मळा होता. इकडे अबोलीला कनकांबरा म्हणतात. नाकाला काही न देणारे हे फूल डोळ्यांना मात्र केशरी रंग असा काही देते की वासाची आठवणच होऊ नये. कारखान्याच्या काळात एका उन्हाळ्यात विहिरीचे पाणी हळदीसारखे पिवळे झाले. अबोली करपली. तेव्हा खात्यातल्या एका तरुण नमुने-सहायकाला लाल रंगाचा डबा देऊन पाठवण्यात आले, आणि त्याने विहिरीच्या दगडी कठड्यावर हातभर लांबीची फुली मारली: पाणी वापरू नये.

तो तरुण म्हणजे हेच. अज्जीने तेव्हापासून त्यांचे नाव केंपण्णा ठेवले. केंपु म्हणजे लाल. लाल रंगवाला अण्णा.

"केंपण्णा आला," त्यांना बांधावरून येताना पाहून ती कन्नडमध्ये ओरडे. "लपवा रे सगळं, फुली मारील!"

ते हसत. पण एकदा त्या कठड्यापाशी उभे असताना, हसू ओठांवर असतानाच, ते मला म्हणाले, "कागदावरची फुली खोडता येते, अक्का. ही दगडावरची. मी मारली. जायच्या आधी माझ्याच हातानं पुसायची आहे."

त्यांची एवढीच एक इच्छा होती. खात्याला जागा स्वच्छ झाल्याचा दाखला हवा होता, कंत्राटदाराला यंत्रे पुढच्या कामावर न्यायची होती. यांना फुली पुसायची होती.

ही सफाई कशी होते, ते त्यांनी अज्जीला काचेच्या एका बरणीत दाखवले. विहिरीचे पिवळे पाणी. त्यात फिक्या हिरव्या खड्यांची चिमूटभर पूड. पिवळा रंग बघता बघता गढूळ हिरवा झाला. मग चुन्याची निवळी. हिरवट साका ढगासारखा हळूहळू खाली बसला आणि वर उरले ते स्वच्छ, उजेड आरपार जाणारे पाणी.

"हिराकस," ते मला म्हणाले. "तुम्ही अहवालात फेरस सल्फेट लिहिता ते. आमच्या आजोबांच्या शाईच्या दौतीत हेच असायचं."

अज्जीने बरणी निरखली. "हे प्यायचं?"

"बेडा, बेडा!" त्यांनी बरणी छातीशी धरली. "नको. नुसतं बघायचं."

"मग माझी विहीर चिमटीभर पुडीनं होईल?"

"पुडीनं नाही अज्जी, लॉऱ्या लागतील. आणि आधी माती उचलावी लागेल. वरून विष झिरपत राहिलं तर खाली किती औषध ओतणार?"

माती उचलली गेली. कारखान्याच्या आवारातला सारा विषारी थर खोदून, प्लास्टिकच्या जाड अस्तरात गुंडाळून, धोकादायक कचऱ्यासाठी बांधलेल्या बंदिस्त जागी रवाना झाला. जमिनीखालचे पाणी उपसून शुद्ध करणारे पंप बसले. आवारातल्या कूपनलिकांचे पाणी महिन्यागणिक निवळू लागले. अज्जीची विहीर मात्र जशीच्या तशी पिवळी. थोडी उतरे, पुन्हा चढे.

"वेळ लागतो, सर," अभियंते म्हणत.

"सरी. पण विचारलं कुणाला?"

"कॉम्प्युटर मॉडेलला," अभियंते म्हणत.

त्यांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले, आणि अंतिम बैठकीची तारीख लागली. त्या बैठकीत काम संपल्याचे जाहीर झाले की पंप निघणार, यंत्रे जाणार, माणसे पांगणार. आणि विहीर तशीच राहणार. अहवालाचा शेवटचा मसुदा माझ्याकडे होता. जागेच्या पूर्वेतिहासावर दोन पाने हवी होती, आणि इतके महिने 'नमुना क्रमांक' आणि 'थराची जाडी' लिहून शिणलेल्या माझ्या लेखणीला तेवढीच मोकळीक मिळाली. कारखाना बंद पडल्यावर जप्तीच्या वेळी काढलेला एक हातनकाशा फायलीत होता. त्यात भिंतीबाहेर, कोपऱ्यात, इंग्रजी अक्षरांत बारीक लिहिले होते: हुली गुंडी. गुंडी म्हणजे खड्डा, हे मला ठाऊक होते. हुली म्हणजे वाघ, हे कोशात मिळाले. माझ्या डोळ्यांसमोर तहानलेला वाघ उभा राहिला. पूर्वी येथे दाट झाडी असावी, तिन्हीसांजेला वाघ ज्या खळग्यावर पाण्यास येत त्यालाच लोक वाघाचा खड्डा म्हणत असावेत, असा सुरेख परिच्छेद मी लिहिला. मला तो फार आवडला.

तो मसुदा घेऊन ते दुपारी अज्जीकडे जेवायला निघाले आणि मलाही सोबत घेतले. अज्जीकडे आता नळाचे पाणी होते. स्वयंपाक त्यावरच चाले. तिने ताटात नाचणीच्या पिठाचे गरम गोळे, इकडचे 'मुद्दे', वाढले, वर डाळ-चिंचेची दाट आमटी. चिंचेच्या वासाने माझ्या जबड्यांत कळ उठली. ते भिंतीला टेकून बसले, हेल्मेट शेजारी उपडे ठेवले, आणि गंमत म्हणून माझा वाघ अज्जीला कन्नडमध्ये वाचून दाखवू लागले.

अज्जी ऐकता ऐकता हसू लागली. "हुली?" ती म्हणाली. "वाघ? इथं? हुली अल्लप्पा! वाघ नव्हे रे बाबा! हुळी! हुळी!" आणि पळीतली आमटी तिने आमच्या नाकासमोर नाचवली.

हुळी म्हणजे त्या आमटीचे नाव. हुळी म्हणजे आंबट.

त्यांचा घास हातातच राहिला. एक बोट वर गेले. मी सवयीने आभाळाकडे कान लावला. विमान नव्हते.

"आंबट खड्डा," ते अगदी हळू म्हणाले. मग कन्नडमध्ये, एकेक शब्द जपून, त्यांनी अज्जीला विचारले, आणि तिने सांगितले. कारखान्याची माणसे भिंतीबाहेर निलगिरीच्या झाडांत पिंपे ओतायची. आंबट, झोंबरा वास सुटायचा, दात आंबायचे. शेळ्या तिकडे फिरकत नसत. म्हणून ती हुळीगुंडी. नंतर वर माती पडली, झाडे वाढली.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस, अज्जी?"

"तुम्ही कारखान्याचं विचारलंत," अज्जी म्हणाली. "गुंडीचं कुठं विचारलंत?"

त्यांनी हात शेजारी नेला, उपड्या हेल्मेटवर टकटक केली. मग दारातून बाहेर पाहिले. निलगिरीची झाडे विहीर आणि कारखाना यांच्या बरोबर मध्ये होती.

परतताना बांधावरून चालता चालता ते म्हणाले, "तुम्ही मराठी ना, अक्का? आणि ळ गिळलात?"

"इंग्रजी अक्षरांत ळ कुठून दिसणार?" मी म्हणाले. "आणि तो नकाशा तुम्हीही वाचला होता."

"सरी. पण मी तर दोन्हीकडचा ळ घेऊन जन्मलो. एक आईचा, एक अंगणाचा." थोडे चालून ते थांबले. "माझी चूक मोठी. जन्मभर सगळ्यांना विचारत फिरलो. त्या कोपऱ्यातल्या नावाचं तेवढं विचारायचं राहिलं."

मी माझा वाघ खोडायला निघाले होते. त्यांनी अडवले. "राहू द्या. त्याच्याच पाठीवर बसून आपण इथवर आलो."

बैठकीत वरिष्ठांनी विचारले, "काम लांबवायचे तर आधार काय?"

"एक अक्षर, सर," ते म्हणाले.

वरिष्ठ उत्तरेकडचे होते. त्यांच्या जिभेला ळ कधी भेटलाच नव्हता. ते म्हणाले, "हुली." हे म्हणाले, "तो वाघ झाला, सर." ते म्हणाले, "हुरी." मग जोर लावून, "हुडी!" टेबलाच्या टोकाला बसलेल्या अभियंत्याने नकळत आपल्या अंगातल्या टोपीवाल्या सदऱ्याकडे पाहिले, आणि सारी बैठक हसत सुटली.

"जीभ स्वल्प मागं वळवा, सर. टाळूला टेकवा. आता सोडा." त्यांनी असे शिकवले, आणि पुढची दोन-तीन मिनिटे त्या गार, काचबंद खोलीत सूट घातलेली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत ळ, ळ, ळ करीत होती. तांब्यातून पाणी ओतल्यासारखा तो आवाज माझ्या कानांत अजून आहे. वरिष्ठांना जमले तेव्हा त्यांनी स्वतःच टाळी वाजवली. मग गंभीर होऊन म्हणाले, "एक चाचणी-खड्डा घ्या. काही मिळाले नाही तर काम बंद."

चौथ्या दिवशी निलगिरीत खोदकाम सुरू झाले. वरची लाल माती गेली, मुरूम गेला. कमरेएवढ्या खोलीवर यंत्राच्या दातांना गंजलेले पिंप लागले, आणि त्याखाली पिवळाजर्द थर उघडा पडला. मास्कमधूनही माझे दात आंबल्याचा मला भास झाला. चालकाने यंत्र थांबवले. ते काठावर उभे होते. दोन्ही हात वर करून, पायांतले जड बूट आपटीत, लग्नाच्या वरातीत नाचावे तसे ते दोन पावले नाचले. विष सापडल्यावर इतका आनंदित झालेला माणूस मी पुन्हा पाहिलेला नाही.

काम वाढवून मिळाले. पण त्यांची नोकरी कुणी वाढवली नाही. महिनाअखेरीस त्यांचा निरोप झाला. अभियंत्यांनी त्यांना कापसाचा एक पिवळा वाघ दिला; त्याच्या कपाळावर शाईने ठळक ळ काढला होता. ते बोलायला उठले, हात डोक्याकडे गेला, हेल्मेट नव्हते. मग त्यांनी वाघाच्याच डोक्यावर टकटक केली. "सरी. पण माझ्या मागं विहिरीचं बघणार कोण, ते विचारलं कुणाला?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

म्हणून मी पाहत राहिले. हुळीगुंडी रिकामी झाली, चांगल्या मातीने भरली. पंप चालूच राहिले. हिराकसाच्या लॉऱ्या आल्या. दोन पावसाळे गेले. मी दर महिन्याला त्यांना फोन करून आकडा सांगे. पलीकडे विमान जाई, आम्ही दोघे गप्प थांबत असू, आणि मग तुटल्या शब्दापासून पुढे. पिवळा फिका झाला, लिंबाच्या सालीसारखा, मग लिंबाच्या रसासारखा, मग नुसत्या पाण्यासारखा. सलग तीन तपासण्यांत विहीर उत्तीर्ण झाली: पिण्यास अजून नाही, पण फुलांना आणि धुण्याला चालेल. खात्याचे पत्र आले त्या सकाळी मी फोनवर एवढेच म्हणाले, "अण्णा, या."

तीन बस बदलून ते आले. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत तारेचा ब्रश आणि नारळाची शेंडी. बांधावरूनच अज्जीची हाक आली, "केंपण्णा आला!" पण या वेळी काही लपवायला तिने सांगितले नाही. मळ्यात अबोलीची नवी रोपे वीतभर उंच झाली होती, आणि एका रोपावर, सगळ्यांच्या आधी घाई करून, तीन केशरी फुले आली होती. मी वाकून वास घेतला. या वेळी कुणी ओढणी खेचली नाही.

बादली खाली गेली, वर आली. त्यांनी पाणी ओंजळीत घेऊन उन्हाकडे धरले. बोटांच्या रेषा आरपार दिसत होत्या. मग बाह्या सरसावून ते कठड्यापाशी बसले, फुलीवर ब्रश टेकवला, आणि एक खरखर उमटते न उमटते तोच अज्जीची काठी मध्ये आली.

"यारन्न केळिदे?" तिने विचारले. कुणाला विचारलंस?

ते ब्रश मागे घेऊन तिच्याकडे वळले.

अज्जी सावकाश खाली बसली. "सरकारनं या कठड्यावर किती कागद चिकटवले. मला एक वाचता आला नाही. ही फुली तेवढी वाचता आली. हिच्यामुळे माझ्या नातवंडांनी ते पाणी तोंडाला लावलं नाही." तिने लाल रेघेवरून तळवा फिरवला. "माझ्या विहिरीवरचं माझं अक्षर आहे हे. पुसतोस कसला?"

पान खायच्या डबीतून तिने बोटावर चुना घेतला. फुलीच्या चार बेचक्यांत चार पांढरे ठिपके ठेवले. मग ठिपक्यांना ठिपके, आणि एका सलग रेघेने ते जोडत ती कठड्याभोवती सरकत गेली, रोज सकाळी दारापुढे रांगोळी घालणाऱ्या बाईच्या सराईत, न अडखळणाऱ्या हाताने. लाल फुली होती तिथेच राहिली. तिच्याभोवती आता अंगण होते.

ते कोरडा ब्रश हातात धरून उकिडवे बसले होते. डोळे ओले, ओठ हसरे. हात डोक्याकडे गेला, टकलावर टेकला, आणि टकटक न करताच खाली आला.

"सरी," ते म्हणाले.

मी वाट पाहिली. वरून विमानही गेले नाही. त्यांच्या पुढ्यात बादलीतले पाणी हलायचे थांबले, त्यात आभाळ स्थिर झाले, तरी पुढचा 'पण' काही आला नाही.